झडतीवाली डिम्फना

डिम्फना मॅकेंटी मुळात ड्रमकीलची नव्हे. ती कॅव्हनकडची, आणि कॅव्हनची माणसं म्हणजे आमच्याकडे कंजूषपणाची कमाल. "कॅव्हनवाला अंडं उकडतो आणि त्याच पाण्यात पाहुण्याला चहा देतो," असं लहान पोरंसुद्धा म्हणत. पॅकी मॅकेंटीनं तिला लग्न करून आणली तेव्हा त्याच्या आईनं दारातच विचारलं होतं, "हुंड्यात काय आणलंस गं, दोरीचा तुकडा?" सगळे हसले. डिम्फना हसली नाही. तेव्हाच गावानं ठरवून टाकलं की ही बाई आखडू आहे, आणि गावानं एकदा ठरवलं की ठरवलं.

पॅकी स्टेशनवर हमाल होता. चार-पाच वर्षं संसार झाला, मूलबाळ झालं नाही, आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तो गेला. मयताला लोक आले ते पॅकीसाठी. डिम्फनाचा हात हातात घेऊन "वाईट झालं" म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन पॅकीच्या आठवणी काढत बसले. किराणा दुकानवाल्या मिसेस ग्रिबन तर तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "कॅव्हनची जमीनच नापीक. त्यात पॅकीचा काय दोष?"

तिला झडतीची नोकरी लागली ती त्यानंतर. आमचं स्टेशन हद्दीवरचं. उत्तरेकडची गाडी इंग्लंडच्या राजाच्या मुलखातून सुटायची आणि ओढा ओलांडला की आपल्या मुलखात, ड्रमकीलला, येऊन थांबायची. तिकडे दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, इकडे नव्हती, पण टंचाई दोन्हीकडे. तिकडे लोणी, साखर, अंडी दिसेनात. इकडे चहा मिळेना, आणि पाव म्हणाल तर काळाकुट्ट, कोंड्याचा, चावता चावता जबडा दुखायचा. त्यामुळे इकडचं लोणी तिकडे जाई आणि तिकडचा चहा, मैदा इकडे येई. यात पाप आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. फादर मेगन रविवारी व्यासपीठावरून दारू, नाच आणि सिनेमा या तिन्हींना झोडपत, पण चहाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या घरची किटली कधी थंड नसायची, हे त्याचं कारण.

पुरुषांची झडती कस्टमचे लोक घेत. बायकांच्या अंगाला हात कोण लावणार? म्हणून सरकारला बाई पाहिजे होती. हे काम गावातली एकही बाई करेना. कस्टमचे मोठे साहेब मिस्टर हॅनरहन हे दूर क्लेअरकडचे, त्यांना गावाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी स्टेशनमास्तरांना विचारलं आणि स्टेशनमास्तरांनी पॅकीच्या विधवेचं नाव सांगितलं. डिम्फनानं एक रात्र विचार केला. तसंही तिच्याशी कोण बोलत होतं, म्हणून आता बोलणं बंद होणार होतं?

मुसाफिरखान्याच्या मागे एक खोली होती. तिथे एक टेबल, एक फळी, आणि काळ्या मातीच्या वाळवलेल्या ढेकळांची धुमसती शेकोटी. भिंत लाकडी, इतकी पातळ की आतली शिंक बाहेर ऐकू जाई. पहिल्या दिवशी तिच्यासमोर आणलेली बाई होती शाळेच्या शिपायाची बायको. डिम्फनाच जास्त लाजली. "कोट काढता का जरा," असं तिनं खाली बघत म्हटलं.

"हात धुतलेस का गं आधी?" ती बाई म्हणाली. "सकाळी डुकरांना घातलं असशील ना त्याच हातानं?"

डिम्फनानं खरंच जाऊन हात धुतले. बाहेर येऊन त्या बाईनं ही गोष्ट सगळ्या फलाटाला सांगितली. तिच्या परकराच्या नेफ्यात शिवलेला चहा अर्थातच सापडला नव्हता.

पण डिम्फना शिकली. बायका माल कुठे लपवतात हे ती त्यांच्या चालण्यावरून ओळखू लागली. जिच्या मांडीला मैद्याच्या पिशव्या बांधल्यात ती पाय किंचित फाकून चालते. जिनं सायकलचा टायर कमरेला गुंडाळलाय ती बाकावर बसत नाही, उभी राहते आणि "दिवसभर बसूनच होते बाई" म्हणते. अंबाडा नेहमीपेक्षा उंच असेल तर आत चहाची पुडी. आणि पोट पुढे आलं असेल तर उशीच्या अभ्र्यात भरलेला मैदा. त्या वर्षी आमच्या भागात जितक्या बायका गाडीत गरोदर दिसल्या तितकी बाळं जन्मली असती तर नवीन शाळा बांधावी लागली असती. सगळे हसत, आणि त्या बायकाही हसत.

"मिसेस मॅकेंटी, तुमचे हात म्हणजे तराजू आहेत," हॅनरहन साहेब म्हणाले. तिला कुणी शाबासकी दिलेली ही जन्मातली पहिली वेळ असेल.

गावानं मग तिला वाळीत टाकलं. दुकानात तिला सगळ्यांच्या शेवटी माल देत, आणि जे उरेल ते. चर्चमध्ये ती बाकावर बसली की त्या बाकावरच्या बायका गुडघे टेकायच्या निमित्तानं सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जात. एकदा तिच्या दाराच्या कडीला कुणीतरी मेलेला उंदीर बांधून ठेवला. तिनं तो सोडला, खड्डा करून पुरला, आणि कामावर गेली. त्याच दुपारी मिसेस ग्रिबन गाडीतून उतरल्या.

मिसेस ग्रिबनकडे फक्त दोन साबणाच्या वड्या होत्या, आणि त्या त्यांनी लगेच काढून टेबलावर ठेवल्याही. डिम्फना म्हणाली, "बाकीचं?"

"बाकीचं काही नाही."

"बघते."

तिनं त्यांना कोट काढायला लावला, मग झगा, मग बूट-मोजे. केस सोडायला लावले. कॉर्सेटच्या नाड्या एक एक करून स्वतः सोडल्या. मिसेस ग्रिबन थुलथुलीत देहानं त्या थंडीत उभ्या, अंगावर काटा, खालचा ओठ थरथरत. डिम्फनानं शेकोटी विझू दिली. मग टेबलाशी बसून साबणाच्या वड्या उलटसुलट करून बघत राहिली, जशी काही त्या वड्यांतच चोरी लपली होती. गाडीची शिट्टी झाली तरी ती उठली नाही.

"मी तुझं काय वाकडं केलंय?" मिसेस ग्रिबन शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

"काही नाही," डिम्फना म्हणाली. "घाला कपडे."

त्या रात्री घरी तिनं पोटभर जेवण केलं. तिलाच नवल वाटलं की पॅकी गेल्यापासून एवढी भूक कधी लागली नव्हती.

तिचा खरा दावा होता तो ऊना कॅफ्रीशी. ऊना विशीतली, लालसर केसांची, हद्दीपलीकडच्या कापडगिरणीत कामाला. आठवडाभर तिकडे राहायची आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी यायची. येताना घराला चहा, शेजाऱ्यांना चहा, फादरच्या स्वयंपाकीणबाईला चहा. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि तिचं सगळ्यांना कौतुक होतं. वसंतात एकदा हॅनरहन साहेबांनी तिला झडतीला पाठवलं. डिम्फनाचा हात तिच्या कमरेला लागला मात्र, ऊना मान वेळावून कोंबडीसारखी ओरडायला लागली, "कुक्कुक्कुक्... कुकाक्! अंडं आहे का बघ गं बाई! कालच घातलंय!"

पातळ भिंतीपलीकडे अख्खा फलाट खदखदला. गाडीच्या खिडक्यांतून लोक ओरडू लागले, "सापडलं का अंडं?" डिम्फनाला ऊनाकडे काहीच सापडलं नाही. त्या दिवसापासून ती रस्त्यानं निघाली की कुठल्या तरी कुंपणामागून, गोठ्यातून, दारूच्या दुकानाच्या दारातून "कुक्कुक्कुक्" ऐकू यायचं. म्हातारे मिटक्या मारत तो आवाज काढत. एकदा चर्चमध्ये, वेदीसमोर जाताना, तिला तो ऐकू आला.

उन्हाळा गेला, पानगळ आली. ऊनानं आईचा जुना, ढगळ कोट घालायला सुरुवात केली. तिच्या पोटाचा घेर शनिवारी शनिवारी वाढत चालला, आणि गाडीतल्या लोकांच्या थट्टेलाही ऊत आला.

"ऊना, आज किती शेर गं?"

"जुळं दिसतंय मैद्याचं!"

"तिळं आहे," ऊना म्हणायची. "एकाचा पाव, एकाचा केक, आणि एक हॅनरहन साहेबांना."

लोक पोट धरधरून हसत. कस्टमचे लोक डब्यात चढले की दोन-चार जणी मुद्दाम तिच्यापुढे उभ्या राहत आणि ती निसटायची. एवढा मैदा जातो कुठे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कॅफ्रींच्या घरी तर पाव काळाच होता.

नोव्हेंबरात वरून हुकूम आला की हद्दीवर ढिलाई चालली आहे, कडक व्हा. पुढच्या शनिवारी हॅनरहन साहेबांनी बायकांना बाजूला सारलं आणि ऊनाला सरळ दंडाला धरून खाली उतरवलं. गाडीतून आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, "अंड्यांची वेळ झाली!" ऊना या वेळी हसली नाही.

खोलीत आल्यावर तिनं दार स्वतःच लावलं आणि पाठ दाराला टेकवून उभी राहिली. "मिसेस मॅकेंटी," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडे मैदा आहे. कबूल करते. काय दंड असेल तो लावा."

"मग काढ की."

"नाही काढता येत. शिवलाय आत."

"मी उसवते."

"नको." तिनं दोन्ही हातांनी कोट आवळून धरला. "तुम्ही माझ्यावर रागावला आहात, मला ठाऊक आहे. मी चुकले. तुम्ही सांगाल तिथे, सगळ्या गावासमोर माफी मागते. पण हात नका लावू."

डिम्फनानं तिचे हात बाजूला केले, कोटाची बटणं सोडली, आणि आपला तळहात त्या घट्ट ताणलेल्या झग्यावर ठेवला. मैदा हाताखाली दबतो, खळगा पडतो. हे दबलं नाही. ते गरम होतं. आणि मग आतून काहीतरी सरकलं आणि तिच्या तळहाताच्या मधोमध ठोसा बसला.

डिम्फनानं हात काढला नाही. आयुष्यात तिनं कधी कुणाच्या पोटाला हात लावून हे अनुभवलं नव्हतं. तिला कुणी लावू दिलाच नसता.

"कितवा?" तिनं विचारलं.

"सहावा संपला." ऊनाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज ती बाहेर जाऊ देत नव्हती. "नाताळनंतर मी इंग्लंडला जाणार आहे. तिकडे कामाची सोय झालीय. बाबांना कळलं तर जीव घेतील. तोवर लोकांना मैदाच वाटू दे. तुमच्या पाया पडते."

"बाप कोण?"

ऊनानं मान हलवली. ती फळीकडे बघत होती. तिथे आदल्या दिवशी जप्त केलेली मैद्याची पिशवी होती, चांगली गुबगुबीत. "ती माझी म्हणा," ती म्हणाली. "माझ्याकडे सापडली म्हणा. मला कोर्टात उभी करा, तुरुंगात टाका. चोर म्हणवून घ्यायला मी तयार आहे. एवढंच करा."

करायला काही अवघड नव्हतं. डिम्फना फळीपर्यंत गेली. तिनं पिशवी उचललीसुद्धा. हे तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही, पण ती पिशवी तिच्या हातात होती. पुढचं वाक्यही मनात तयार होतं, की साहेब, सापडला मैदा.

त्याच वेळी बाहेरून, अगदी भिंतीला लागून, कुणीतरी आवाज काढला. "कुक्कुक्कुक्!" मग दुसऱ्यानं. मग खिडकीखिडकीतून. अख्खं खुराडं जमा झालं होतं, आणि हसणं, आणि पत्र्यावर बुटांची थापथाप. ऊना घाबरून पुटपुटली, "मी नाही सांगितलं त्यांना. देवाशप्पथ, मी नाही."

डिम्फनानं पिशवी पुन्हा फळीवर ठेवली. ऊनाचा कोट तिच्या खांद्यावरून ओढून काढला, दार उघडलं आणि तिला तशीच पुढे ढकलून फलाटावर उभी केली. दुपारच्या स्वच्छ उजेडात, एका पातळ झग्यात, सगळ्या गाडीसमोर.

"साहेब," ती मोठ्यानं म्हणाली, "जप्त करण्यासारखं काही नाही. हा माल अजून तयार व्हायचाय. फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागेल."

कुणीतरी सवयीनं हसलं. मग लोकांनी नीट पाहिलं आणि हसणं एकेका डब्यातून विझत गेलं. काचा वर गेल्या. आठवड्यामागून आठवडे तिच्यापुढे आडोसा धरून उभ्या राहिलेल्या बायका हातातल्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागल्या. हॅनरहन साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि हिरवं निशाण दाखवायला सांगितलं.

ऊना स्टेशनपासून घरापर्यंत एकटी चालत गेली. कोट डिम्फनाच्या खोलीतच राहिला होता.

अंधार पडायच्या आत फादर मेगन कॅफ्रींच्या दारात हजर होते. बापानं मुलीला मारलं, आणि हात दुखल्यावर थांबला. तीन दिवसांनी एक मोटार आली आणि तिला दूरच्या परगण्यात सिस्टर्सच्या मठात घेऊन गेली. तिथे अशा मुलींना ठेवत. कपडे धुवायचे, फरशा घासायच्या आणि प्रायश्चित्त करायचं. ऊनाची आई, सेलिया, मोटारीमागे फाटकापर्यंत धावली. बापानं तिला आत ओढलं आणि कडी घातली.

रविवारी डिम्फना चर्चला गेली ती मान खाली घालून, मागच्या बाकावर बसायच्या तयारीनं. पण मिसेस ग्रिबन चक्क सरकल्या. "या ना, बसा, मिसेस मॅकेंटी. थंडी किती पडलीय, नाही?"

प्रार्थना संपल्यावर बायकांनी तिला गराडा घातला. कसं कळलं? चेहऱ्यावरून कळलं का? रडली का? नाव सांगितलं का त्याचं? मिसेस ग्रिबननी तिला घरी नेलं, आतल्या चांगल्या खोलीत बसवलं, आणि खरा, कडक, लालभडक चहा पुढे ठेवला. तो कुठून आला हे कुणीच विचारलं नाही, डिम्फनानंही नाही. तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पुन्हा सांगितलं. सांगता सांगता गोष्टीला धुमारे फुटले. एका घरात ऊनानं तिला लाच देऊ केली, दुसऱ्यात शिव्या दिल्या.

"आणि लाथ मारली म्हणे तुमच्या हाताला?" बायका विचारत.

"अशी," डिम्फना म्हणायची आणि टेबलावर मूठ आपटायची. बायका किंचाळून हसायच्या.

रस्त्यावर आता कुणी कोंबडीचा आवाज काढत नव्हतं. दुकानात तिला सगळ्यांच्या आधी माल देत. नाताळला तिच्या घरी तीन केक आले. पॅकी असताना एकही आला नव्हता.

जानेवारीत सेलिया कॅफ्री शनिवारच्या गाडीला दिसू लागली. सकाळी पलीकडच्या पहिल्या स्टेशनपर्यंत जायची आणि दुपारी परतायची. सुकलेली, बारीक बाई, काळा कोट गळ्यापर्यंत बंद. कस्टमच्या माणसानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर ती आपणहून म्हणाली, "माझ्याकडे माल आहे." जी स्वतःहून कबूल करते तिची झडती घ्यायलाच हवी असा नियम.

खोलीत येऊन तिनं कोट काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. "घ्या झडती."

डिम्फनानं हात फिरवला. काहीच नव्हतं. फासळ्या तेवढ्या लागल्या.

"पोटाला राहिलं," सेलिया म्हणाली.

"तुमच्याकडे काही नाही, मिसेस कॅफ्री. जा तुम्ही."

"तुमचं कामच आहे ते. लावा हात."

डिम्फनानं हात लावला. सेलियानं हात खाली घेतले, कोट घातला आणि गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. हॅनरहन साहेब आधी वैतागले, मग त्यांना गंमत वाटू लागली. "म्हातारीची हौस आहे, घ्या," ते म्हणत.

सेलिया ओरडली नाही, की शाप दिला नाही. झडती चालू असताना हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं काहीतरी सांगायची, बस. "फादर म्हणाले, तिच्या हातांना सोड्यानं भेगा पडल्यात." "फादर म्हणाले, पत्र पाठवायची परवानगी नाही." फेब्रुवारीत एकदा म्हणाली, "मुलगा झाला." डिम्फनाचा हात तेव्हा तिच्या पोटावरच होता. मार्चमध्ये म्हणाली, "गेला. खोकला होता म्हणे. कुठे पुरला ते फादरना माहीत नाही."

डिम्फनाची झोप उडाली. दिवसा ती आपला उजवा तळहात झग्याला पुसत राहायची. एकदा मिसेस ग्रिबनकडे ती म्हणाली, "सेलियाला वेड लागलंय. कुणीतरी समजवा तिला."

मिसेस ग्रिबन विणत होत्या. विणकामातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "आईचं काळीज आहे ते. तुम्हाला नाही कळायचं." थोड्या वेळानं पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, तुम्हीही त्या दिवशी जरा डोळेझाक करायला हवी होती. पोरसवदा पोरगी. मैदा सापडला म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

चारच महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच बाईनं डिम्फनाला तीनदा मूठ आपटून दाखवायला लावली होती.

बाळ मेल्याचं गावभर झालं होतं. मेलेल्या बाळाचं खापर कुणाच्या तरी माथ्यावर फुटायला हवं होतं, आणि फादरच्या किंवा बापाच्या माथ्यावर फोडायची कुणाची छाती नव्हती. चर्चमधला बाक पुन्हा रिकामा होऊ लागला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सेलिया नेहमीसारखी आली. तिनं हात वर केले. डिम्फनाची बोटं तिच्या पाठीवरून खाली उतरली आणि कमरेशी थबकली. कॉर्सेटखाली एक पुडी होती. चहाची, चांगली पावशेराची. लपवलीही धड नव्हती.

डिम्फनानं वर पाहिलं. सेलिया भिंतीकडे बघत होती.

काय वाटलं तिला त्या क्षणी? पुढे तिनं आपल्या भावाला सांगितलं ते एवढंच, की बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी देवानं एक सोपी गोष्ट हातात दिली. तिनं हात काढून घेतला, स्वतःच सेलियाचा कोट उचलून तिच्या खांद्यावर घातला, आणि दार उघडून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काही नाही, साहेब. सोडा यांना."

सेलिया फलाटावर गेली. हॅनरहन साहेबांच्या टेबलापाशी थांबली. कोटाची बटणं काढून तिनं कमरेची पुडी ओढून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"हा चहा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या बाईच्या हाताला लागला होता. तिनं सोडला. किती जणींचा सोडते ते तिलाच विचारा."

हॅनरहन साहेबांनी पुडीकडे पाहिलं, मग डिम्फनाकडे. "मिसेस मॅकेंटी?"

डिम्फनानं नाही म्हटलं नाही. म्हणता आलं असतं. पुडी कॉर्सेटखाली होती, हाताला लागली नाही म्हणता आलं असतं. पण तिचे हात तराजू आहेत हे साहेबांनीच वरच्यांना कळवलेलं होतं. गाडीतली माणसं काचा खाली करून बघत होती. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

सोमवारी तिला काढून टाकलं. सेलियाला दंड झाला आणि तो गावानं वर्गणी काढून भरला. मिसेस ग्रिबननी पहिलं नाणं टाकलं.

डिम्फना आठ-दहा दिवस घरातून बाहेर पडली नाही. दुकानात तिला काही देईनात, तेव्हा शेवटी भावाला निरोप पाठवून कॅव्हनला निघाली. बोचकं घेऊन स्टेशनकडे जाताना वाटेत सेलिया भेटली. ओढ्यावरून पाण्याची बादली घेऊन येत होती. दोघी समोरासमोर आल्या. रस्ता अरुंद, कुणीतरी कडेला व्हायलाच हवं होतं.

"झालं का तुमचं समाधान?" डिम्फनानं विचारलं.

सेलियानं बादली खाली ठेवली, जरा दम घेतला, खरंच विचार केल्यासारखा. "नाही," ती म्हणाली. बादली उचलून तिच्या बाजूनं निघून गेली.

कॅव्हनला भावजयीनं डिम्फनाला माळ्यावर झोपायला जागा दिली. तिथे ती सव्वीस वर्षं जगली. भावाच्या पोरांना तिचं काही वाईट आठवत नाही, फक्त एवढंच की आत्या त्यांना कधी जवळ घेत नसे. त्यांच्या आईला दिवस गेले की आत्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसे आणि बोलावलं तरी येत नसे. ऊना पुढे इंग्लंडला गेली म्हणतात. ड्रमकीलला ती कधी आली नाही, आईच्या मयतालाही नाही.